ईमेलचे खाते बदलताना नेमके काय काय बदलते?

काही वर्षांपूर्वी मी माझे जुने ईमेल खाते सोडून नवे घेतले. नव्या पत्त्यावर टपाल येऊ लागले, चार-पाच महत्त्वाच्या ठिकाणी पत्ता बदलून झाला, आणि आता जुन्याची गरज उरली नाही असे वाटून मी फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन ते खाते काढून टाकले. या खात्यातील मेसेज, कॉन्टॅक्ट आणि इतर माहिती फोनवरून निघून जाईल, असे फोनने आधी सांगितले होते. मी ते वाचले आणि त्यातला ‘कॉन्टॅक्ट’ हा शब्द माझ्या लक्षातच आला नाही. अर्ध्या तासाने फोन वाजला तेव्हा पडद्यावर नाव नव्हते, नुसता नंबर होता. उचलल्यावर आवाज सख्ख्या बहिणीचा निघाला. कॉन्टॅक्टची यादी उघडली, तर जिथे चारशेच्या वर नावे होती तिथे जेमतेम तीस शिल्लक होती.

जुने खाते पुन्हा फोनमध्ये जोडल्यावर थोड्या वेळात सगळी नावे परत आली. ती पुसली गेलीच नव्हती. त्यांची मूळ यादी ईमेल देणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे तिच्या मध्यवर्ती संगणकावर, होती आणि फोनवर होती ती तिची प्रत. तेव्हापासून ओळखीतल्या कोणीही खाते बदलायला घेतले, की मी आधी हेच समजावून सांगते: ईमेल खाते ही एक वस्तू नसून ते एक गाठोडे आहे. त्यात आपला पत्ता असतो, टपाल साठवणारी पेटी असते, ती उघडणारी किल्ली असते, नावांची आणि तारखांची वही असते आणि इतर शेकडो ठिकाणी दाखवायचे आपले ओळखपत्रही असते. बिऱ्हाड हलवताना आपण भांडी, कपडे आणि कागदपत्रे वेगवेगळी बांधतो, तसेच इथेही करावे लागते. होणारा बहुतेक मनस्ताप हा ‘खाते बदलले’ म्हणजे या पाचही गोष्टी आपोआप नव्या घरी पोचल्या, असे गृहीत धरल्यामुळे होतो.

पेटीपासून सुरुवात करू, कारण सर्वाधिक गोंधळ तिथेच आहे. १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप पाठवताना माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ‘ॲट’ हे चिन्ह ठेवले, आणि ईमेल पत्त्याची आजची घडण तिथून आली. टपाल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे नेण्याचे नियम १९८२ मध्ये एसएमटीपी या नावाने ठरले. मात्र एसएमटीपीचे काम टपाल पाठवण्याचे आणि पोचवण्याचे. पेटीत येऊन पडलेले टपाल आपल्या यंत्रावर कसे वाचायचे, यासाठी वेगळी पद्धत लागते. त्यातली जुनी पद्धत म्हणजे पॉप, जिचा पहिला मसुदा १९८४ मधला आहे. त्या काळात टेलिफोनच्या तारेवरून जोडणी करावी लागे, जोडलेला वेळ मोलाचा असे आणि एका माणसाकडे टपाल वाचण्यासाठी एकच संगणक असे. म्हणून पॉपची रीत अशी, की सर्व्हरला जोडायचे, आलेले टपाल उचलून आपल्या संगणकावर आणायचे, सर्व्हरवरची पेटी बहुधा रिकामी करायची आणि जोडणी सोडायची. दुसरी पद्धत आयमॅप. स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी ती १९८६ मध्ये रचली. तिच्यात टपाल सर्व्हरवरच राहते आणि आपण कुठल्याही यंत्रावरून त्या एकाच पेटीत डोकावतो. संगणकावर वाचलेले पत्र फोनवरही वाचलेले दिसते आणि फोनवर एखाद्या फोल्डरमध्ये ठेवलेले पत्र संगणकावरही त्याच फोल्डरमध्ये सापडते.

स्मार्टफोन आल्यावर हा फरक एकदम बोचू लागला. घरच्या संगणकावरचा मेल प्रोग्रॅम दहा-पंधरा वर्षांपूर्वी कोणीतरी पॉपवर लावून दिलेला असतो आणि तो रोज इमानाने पेटी रिकामी करत असतो. त्याच खात्याला मग फोन जोडला, की इनबॉक्समध्ये जेमतेम आठवड्याभराची पत्रे दिसतात आणि ‘फोनने माझे टपाल खाल्ले’ अशी तक्रार होते. फोनचा यात दोष नसतो; जुने टपाल त्या एका संगणकाच्या डिस्कवर आहे आणि ती डिस्क गेली तर तेही गेले. शिवाय पॉप फक्त इनबॉक्स आणते, त्यामुळे आपण पाठवलेली पत्रे ज्या यंत्रावरून पाठवली तिथेच अडकून राहतात. यासाठी एक साधी पडताळणी आहे आणि खाते बदलण्याआधी ती प्रत्येकाने करावीच. कुठलेही ॲप न वापरता ब्राउझर उघडावा, ईमेल सेवेच्या संकेतस्थळावर लॉगिन करावे आणि आपले सर्वांत जुने पत्र तिथे दिसते का ते पाहावे. जे तिथे दिसते ते सर्व्हरवर आहे. जे तिथे दिसत नाही पण संगणकावर दिसते, ते फक्त त्या संगणकावर आहे आणि ते आधी सुरक्षित करायला हवे.

आयमॅप वापरणाऱ्यांचीही एक मोठी गैरसमजूत असते. माझे टपाल तीन यंत्रांवर सिंक होते, म्हणजे माझ्याकडे तीन प्रती आहेत, असे त्यांना वाटते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीही वेळा सांगितले तरी कमीच आहे. सिंकचे काम सगळीकडचे चित्र सारखे ठेवण्याचे आहे, आणि त्यात पुसणेही आले. फोनवर जागा होत नाही म्हणून कोणी पाच वर्षांची पत्रे फोनवरून डिलीट करतो आणि दुसऱ्या दिवशी ती संगणकावरूनही गेलेली असतात. बहुतेक सेवा पुसलेली पत्रे काही दिवस कचरापेटीत ठेवतात, तेवढीच काय ती सवड. बॅकअप तो, जो मूळ बदलले तरी बदलत नाही: खात्यातील सगळे टपाल फाइलच्या रूपात उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवणे. गूगलची २०११ मध्ये सुरू झालेली टेकआउट नावाची सोय डिसेंबर २०१३ पासून जीमेलसाठीही वापरता येते. ती सगळी पत्रे एमबॉक्स नावाच्या फाइलमध्ये बांधून देते आणि ती फाइल थंडरबर्डसारख्या मेल प्रोग्रॅममध्ये उघडता येते. नव्या खात्याकडे पहिले पाऊल टाकण्याआधी हे काम उरकून घ्यावे असे माझे ठाम मत आहे.

यानंतर जुनी पत्रे नव्या पेटीत नेण्याचा प्रश्न येतो. अनेक जण जुन्या खात्यात फॉरवर्डिंग, म्हणजे आलेले पत्र आपोआप नव्या पत्त्यावर पुढे पाठवण्याची सोय, सुरू करतात आणि आता सगळे नव्या खात्यात येईल म्हणून वाट पाहत बसतात. फॉरवर्डिंग केवळ यापुढे येणाऱ्या पत्रांना लागू होते. आधी साठलेली पत्रे जागची हलत नाहीत. ती नेण्याचा खात्रीचा मार्ग असा, की संगणकावरच्या मेल प्रोग्रॅममध्ये दोन्ही खाती आयमॅपने जोडावीत आणि एका खात्यातील फोल्डर दुसऱ्यात कॉपी करावेत. इथे घाई करू नये. हजारो पत्रे एकदम ओढली की सर्व्हर मध्येच जोडणी तोडतो आणि काय गेले, काय राहिले याचा पत्ता लागत नाही. वर्षावर्षाचे गठ्ठे करून न्यावे, प्रत्येक गठ्ठ्यानंतर दोन्हीकडचे आकडे ताडून पाहावे आणि मगच पुढचा गठ्ठा घ्यावा. जीमेलमधून बाहेर पडणाऱ्यांना आणखी एक पेच भेटतो. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबल असतात, आणि एकाच पत्रावर तीन लेबले लावता येतात. मात्र आयमॅपमधून पाहणाऱ्या प्रोग्रॅमला ती तीन वेगळे फोल्डर म्हणून दिसतात. त्यातच सगळ्या पत्रांचा ‘ऑल मेल’ हाही एक फोल्डर असतो. डोळे मिटून सगळे कॉपी केले तर एकच पत्र नव्या पेटीत तीन-चार वेळा जाते आणि जागा निष्कारण भरते. पाठवलेल्या पत्रांच्या फोल्डरचेही तसेच: कुठे त्याचे नाव ‘सेंट’, कुठे ‘सेंट मेल’, कुठे ‘सेंट आयटम्स’. कोणता फोल्डर कशासाठी आहे हे सर्व्हरने ॲपला सांगण्याची प्रमाण पद्धत २०११ मध्ये आली, पण सगळीच ॲप ती नीट पाळत नाहीत, आणि म्हणून फोनवरून पाठवलेले पत्र एका फोल्डरमध्ये तर संगणकावरून पाठवलेले दुसऱ्यात, असा प्रकार घडतो. फोनमधील खात्याच्या सेटिंगमध्ये पाठवलेली, कच्ची आणि पुसलेली पत्रे कोणत्या फोल्डरमध्ये ठेवायची हे पुष्कळ ॲपमध्ये हाताने निवडता येते.

आता किल्ली. फोनमध्ये नवे खाते जोडताना सर्वांत जास्त संताप आणणारी गोष्ट म्हणजे पासवर्डची ती छोटी चौकट. पासवर्ड बरोबर आहे, त्याच पासवर्डने ब्राउझरमध्ये खाते उघडते, तरीही फोन ‘पासवर्ड चुकीचा’ असे म्हणत राहतो. माणूस तो चार वेळा टाइप करतो, मग बदलतो, मग बदललेलाही चालत नाही. याचे कारण असे, की पूर्वी आपण मेल ॲपला आपला पासवर्डच देऊन टाकत असू आणि ॲप प्रत्येक वेळी तो सर्व्हरला दाखवत असे. म्हणजे घराची मुख्य किल्ली प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हाती देण्यासारखे ते होते. २०१२ मध्ये प्रमाणित झालेल्या ओऑथ २.० या पद्धतीत ॲपला पासवर्ड मिळतच नाही. आपण ईमेल सेवेच्या स्वतःच्या पानावर लॉगिन करतो आणि ती सेवा ॲपला ठरावीक कामापुरता एक परवाना देते. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून, तर मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या खात्यांसाठी ऑक्टोबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने आणि वैयक्तिक आउटलुक खात्यांसाठी सप्टेंबर २०२४ पासून जुनी रीत बंद केली. त्यामुळे जुने मेल ॲप बरोबर पासवर्ड दाखवत असले तरी सर्व्हर तो स्वीकारत नाही, आणि ॲपला दुसरे काही सांगता येत नसल्याने ते पासवर्डलाच चुकीचे ठरवते. यावर उपाय असा, की जोडणी अर्धवट राहिलेले ते खाते फोनमधून काढावे आणि पुन्हा जोडताना ‘इतर’ हा पर्याय न घेता यादीतून त्या सेवेचे नाव निवडावे, म्हणजे लॉगिनचे खरे पान उघडते. ॲप फारच जुने असेल, तर द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डनंतर ओळखीचा आणखी एक पुरावा मागणारी सोय) सुरू करून त्या ॲपपुरता वेगळा पासवर्ड तयार करण्याची सोय काही सेवा देतात. गूगलकडे तो सोळा अक्षरांचा असतो.

पासवर्ड बदलला की आधीचे परवानेही पुष्कळदा रद्द होतात आणि टॅबलेट, संगणक, जुना फोन हे सगळे नव्याने लॉगिन मागतात. कपाटात पडलेला, पण चार्ज असलेला आणि वायफायला जोडलेला जुना फोन दर काही मिनिटांनी जुन्या पासवर्डने दार ठोठावत राहतो आणि अशा चुकीच्या प्रयत्नांमुळे खाते काही काळ कुलूपबंदही होऊ शकते, विशेषतः नोकरीच्या ठिकाणच्या खात्यांबाबत. कारण सापडत नसेल तर तो फोन आधी बंद करून पाहावा.

टपाल येते पण जात नाही, ही तक्रारही नेहमीची आहे. वर सांगितल्याप्रमाणे येण्याचे आणि जाण्याचे दरवाजे वेगळे आहेत: येणारे टपाल आयमॅपने, बहुधा ९९३ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारातून, येते, तर जाणारे एसएमटीपीने ४६५ किंवा ५८७ वरून जाते. हाताने माहिती भरताना येणाऱ्या टपालासाठी युजरनेम आणि पासवर्ड भरला जातो, जाणाऱ्याचा रकाना मात्र ‘ऐच्छिक’ म्हणून रिकामा सोडला जातो. तो ऐच्छिक नसतो. तिथेही पूर्ण ईमेल पत्ता आणि तोच पासवर्ड द्यावा लागतो.

खाते जोडले, पत्रे दिसू लागली, तरी ती उशिरा येतात. संगणकावर आलेले पत्र फोनवर वीस मिनिटांनी दिसते, कधी ॲप उघडल्यावरच दिसते. टपाल कळण्याच्या दोन रीती आहेत. एकीत सर्व्हर स्वतःहून फोनला हाक मारतो, तिला पुश म्हणतात. दुसरीत फोन ठरावीक वेळाने जाऊन ‘काही आले आहे का’ असे विचारतो, तिला फेच म्हणतात. कोणती रीत मिळेल हे सेवा आणि ॲप यांच्या जोडीवर ठरते. आयफोनच्या स्वतःच्या मेल ॲपमध्ये जीमेल जोडले तर पुश मिळत नाही, कारण ज्या पद्धतीने तिथे पुश मिळे त्या मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हसिंकची आपली मोफत सोय गूगलने ३० जानेवारी २०१३ पासून नव्या यंत्रांसाठी बंद केली. तिथे पंधरा मिनिटे, तीस मिनिटे, एक तास अशी फेचची मुदत निवडावी लागते, किंवा जीमेलचे स्वतंत्र ॲप घ्यावे लागते. अँड्रॉइडवर वेगळाच अडथळा आहे. २०१५ च्या अँड्रॉइड ६ पासून फोन बराच वेळ स्वस्थ पडून राहिला की तो बॅटरी वाचवण्यासाठी ॲपना झोपवतो, आणि काही कंपन्यांचे फोन तर याहून कडक वागतात. मेल ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये जाऊन त्याला या बंधनातून मोकळे केले की पुष्कळदा प्रश्न सुटतो. आणि जुनी पत्रे फोनवर दिसत नाहीत म्हणून घाबरण्याआधी हेही पाहावे, की ॲप किती दिवसांचे टपाल उतरवते. जीमेलच्या ॲपमध्ये ही मर्यादा सुरुवातीला तीस दिवस असते. बाकीची पत्रे सर्व्हरवर सुखरूप असतात आणि शोध घेतल्यावर दिसतात.

नव्या पेटीला आपली आवडनिवड ठाऊक नसते, हेही ध्यानात ठेवावे. जुन्या खात्याने वर्षानुवर्षे आपल्या कृतींवरून शिकलेले असते, की कोणते पत्र कामाचे आणि कोणते स्पॅम. नवे खाते हे शून्यापासून शिकते, त्यामुळे पहिले काही आठवडे स्पॅम फोल्डर रोज उघडून पाहिला पाहिजे.

नावांची आणि तारखांची वही टपालाच्या वाटेने जात नाही. कॉन्टॅक्टसाठी कार्डडॅव्ह आणि कॅलेंडरसाठी कॅलडॅव्ह अशा निराळ्या पद्धती आहेत आणि म्हणूनच फोनच्या सेटिंगमध्ये मेल, कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर यांची तीन वेगळी बटणे दिसतात. फोनवरची एकच दिसणारी यादी प्रत्यक्षात अनेक याद्यांची सरमिसळ असते: काही नावे या खात्यात, काही त्या खात्यात, काही सिमकार्डवर, तर काही फक्त फोनच्या आत. माझी तीस नावे उरली ती यामुळेच. जुन्या खात्यातील नावे व्हीकार्डच्या, म्हणजे कॉन्टॅक्ट साठवण्याच्या प्रमाण स्वरूपाच्या, फाइलमध्ये उतरवून नव्या खात्यात भरणे हे काम दहा मिनिटांचे आहे, पण त्यानंतरचे एक पाऊल बहुतेक जण विसरतात. नवा नंबर साठवताना तो कोणत्या खात्यात जावा हे फोनमध्ये ठरवलेले असते आणि ते न बदलल्यास पुढचा प्रत्येक नंबर मुकाट्याने जुन्याच खात्यात जाऊन बसतो. कॅलेंडरच्या नोंदीही फाइलने नेता येतात. मात्र इतरांनी पाठवलेली बैठकीची निमंत्रणे जुन्या पत्त्याशी बांधलेली असल्याने ती पुन्हा मागवलेली बरी. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप गूगल खात्यात जातो, तेव्हा तिथलेही खाते बदलून एक नवा बॅकअप घ्यावा. विकत घेतलेली ॲप ज्या खात्यावर घेतली त्याच खात्यावर राहतात, तेवढ्यासाठी जुने खाते फोनमध्ये ठेवण्यात काही गैर नाही.

ओळखपत्राचे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत महत्त्वाचे आहे. आपण कुठे कुठे हा पत्ता दिला आहे हे कोणालाच पूर्ण आठवत नाही, पण जुन्या पेटीला आठवते. तिच्यात ‘वेलकम’, ‘व्हेरिफाय’, ‘पासवर्ड’, ‘ओटीपी’, ‘इन्व्हॉइस’ असे शब्द शोधले की यादी आपोआप तयार होते. आधी बँक, मग सरकारी नोंदी, मग विमा, आणि शेवटी खरेदी आणि करमणूक अशा क्रमाने पत्ते बदलावेत. ‘गूगलने साइन इन करा’ असे बटण दाबून जिथे प्रवेश घेतला आहे तिथे नुसता पत्ता बदलून भागत नाही. आधी त्या ठिकाणी स्वतंत्र पासवर्ड तयार करावा लागतो. नव्या खात्याचा रिकव्हरी पत्ता (पासवर्ड विसरल्यास खाते परत मिळवण्यासाठी दिलेला पत्ता) म्हणून जुने खाते आणि जुन्याचा म्हणून नवे, अशी गाठ मारून ठेवू नये. एक बंद पडले की दुसऱ्याचे दारही लागते.

जुने खाते किमान एक वर्ष तरी चालू ठेवावे, कारण विम्याचा हप्ता किंवा कराची सूचना वर्षातून एकदाच येते. चालू ठेवणे म्हणजे अधूनमधून त्यात लॉगिन करणे. गूगल दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबर २०२३ पासून पुसू लागले आहे. खाते पुसले गेले की पत्ता तरी आपलाच राहतो, असेही सगळीकडे नसते. जीमेलचा सोडलेला पत्ता दुसऱ्याला मिळत नाही, परंतु याहूने २०१३ मध्ये वर्षभर न वापरलेले पत्ते नव्या लोकांना देऊ केले होते. आपला जुना पत्ता परक्याच्या हाती गेला आणि कुठे तो अजून नोंदलेला असला, तर ‘पासवर्ड विसरलात?’ या एका बटणाने तो माणूस आपल्या नावाने आत जाऊ शकतो.

याचे मूळ पाहिले तर मला खरी चीड येते. मोबाइलचा नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ईमेलच्या पत्त्यात ॲट चिन्हानंतरचा भाग कंपनीच्या मालकीचा असल्यामुळे ते शक्य नाही. ज्यांना जमेल त्यांनी स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे ॲट चिन्हानंतर येणारे स्वतःचे नाव, नोंदवून घ्यावे, मग पेटी कुठल्याही कंपनीकडे हलवली तरी पत्ता कायम राहतो. डोमेनचे नूतनीकरण चुकवायचे नाही, एवढे पथ्य मात्र पाळावे लागते. आणि नोकरीच्या पत्त्यावर खासगी खाती कधीच उघडू नयेत. नोकरी सुटल्यावर तो पत्ता त्याच दिवशी बंद होतो.

आता फोनमधून जुने खाते काढण्याचा दिवस. त्याआधी कॉन्टॅक्टच्या ॲपमध्ये कोणत्या खात्यातील नावे दाखवायची हे निवडण्याची सोय असते, तिथे फक्त नवे खाते निवडावे आणि आकडा पाहावा. आकडा पूर्वीइतका असेल, घरच्या माणसांची नावे त्यात सापडत असतील आणि ब्राउझरमध्ये नव्या पेटीतले सर्वांत जुने पत्र उघडत असेल, तर ‘खाते काढून टाका’ यावर बोट ठेवायला हरकत नाही. एखादे नाव जरी कमी दिसले, तर त्या दिवशी काढू नये.